सायलेन्सर चोरणारा सापडतो, घेणाऱ्याचं काय?

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गाड्यांचे सुटे भाग चोरणारी टोळी पकडल्याची बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते. फोटोत पोलीस ओळीने उभे असतात, पुढ्यात सायलेन्सर, बॅटऱ्या, चाकं मांडून ठेवलेली असतात आणि बातमीच्या शेवटी आवाहन असतं, की नागरिकांनी आपली वाहनं सुरक्षित ठिकाणी लावावीत. भोसरीत माझं गॅरेज आहे. आधी वडील चालवायचे, आता मी चालवतो, हाताखाली दोन पोरं आहेत. रात्री ज्याच्या गाडीवर हात मारला जातो, तो सकाळी पोलीस चौकीच्याही आधी माझ्या दारात येतो. म्हणून हे पत्र लिहितो आहे. लांबलं तर खुशाल कापा. फक्त चोरीचा माल विकत घेणाऱ्याबद्दल जे लिहिलं आहे ते राहू द्या, कारण माझं खरं म्हणणं तेच आहे.

आधी त्या सुरक्षित ठिकाणाबद्दल. माझी निम्मी गिऱ्हाईकं रिक्षावाले, टेम्पोवाले, शाळेच्या मुलांची ने-आण करणारे आणि एमआयडीसीत माल पोचवणारे आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत राहणारा माणूस गाडी रस्त्याच्या कडेलाच लावणार. कर्ज काढून ज्यांनी सोसायटीत घर घेतलं, त्यांच्यापैकी अनेकांना सोसायटीच पिवळ्या पाटीची गाडी आत लावू देत नाही. त्यामुळे ज्याचं पोट गाडीवर चालतं त्याची गाडी रात्रभर उघड्यावर राहते. या लोकांना सावध राहा असं सांगण्यात काही अर्थ नाही. ते सावध असतातच, त्यांच्याकडे जागा नसते.

आमच्या भागात सगळ्यात जास्त जातो तो मारुतीच्या ईको गाडीचा सायलेन्सर. सगळे सायलेन्सर म्हणतात, पण चोराला हवा असतो तो त्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. पत्र्याच्या डब्यात बारीक जाळीदार भोकांची सिरॅमिकची वीट असते आणि तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अगदी पातळ थर दिलेला असतो. इंजिनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या विटेतून जाताना बरीचशी निरुपद्रवी होतात. धातू काही ग्रॅमच असतो, पण त्याचा जगातला बहुतेक पुरवठा दक्षिण आफ्रिका आणि रशियातून होतो आणि त्याचे भाव सोन्याच्या पंगतीतले आहेत. मार्च २०२१ मध्ये ऱ्होडियम औंसाला २९ हजार डॉलरच्या आसपास गेलं होतं. भाव पुढे बरेच उतरले, चोऱ्या मात्र चालू राहिल्या, कारण तोवर माल घेणाऱ्यांची साखळी जमून गेली होती.

ईकोच का, असं लोक मला विचारतात. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच आहे, सायलेन्सर खाली उघडा आहे, माणूस जॅक न लावता सरपटत आत जातो. ज्याने हे काम गॅरेजमध्ये शिकलं आहे त्याला दहा मिनिटंही लागत नाहीत. विटेचा चुरा करून जी भुकटी निघते तिला या धंद्यात माती म्हणतात. माती किलोवर वेगळी जाते, पत्रा भंगारात वेगळा जातो. एकदा फोडला की तो सायलेन्सर कुणाचा होता हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

माझ्याकडे एक ताई येतात. शाळेची व्हॅन चालवतात, स्वतःची ईको आहे, हप्ते अजून चालू आहेत. एके दिवशी सकाळी सव्वासहाला त्यांचा फोन आला, "दादा, गाडी सुरू केली तर अख्खी गल्ली जागी झाली. मुलांचं काय करू? सातला शाळा भरते." मी जाऊन खाली वाकून पाहिलं तर पाइप मोकळा, कन्व्हर्टर नाही आणि ऑक्सिजन सेन्सरची वायर कापलेली. पालक घराघरांतून फोन करत होते. परीक्षेचे दिवस होते. काहींनी समजून घेतलं. एकाने मात्र त्याच संध्याकाळी दुसरी व्हॅन ठरवली, आणि ते मूल पुन्हा ताईंकडे आलं नाही.

त्या म्हणाल्या, "परीक्षा संपेपर्यंत नुसता पाइप जोडून द्या ना." मी नाही म्हटलं. मध्येच तुटलेल्या पाइपमधला धूर गाडीच्या पोटाखालून आत शिरतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि मागे लहान मुलं बसलेली असतात. नीट जोडून दिला तरी कन्व्हर्टरशिवाय पीयूसी मिळत नाही, आणि शाळेच्या गाडीचा पीयूसी नसला तर पुढचं सगळंच अडतं. नव्या भागाची चौकशी केली तर किंमत चाळीस हजारांच्या वर, आणि माल शिल्लक नाही, आठवडा थांबा. त्यांनी भिशीचे पैसे उचलले.

पण या प्रकारातली खरी गोष्ट पुढे आहे. तिसऱ्या दिवशी त्यांना एका माणसाचा फोन आला. त्यांच्या गाडीचं काय झालं आहे हे त्याला ठाऊक होतं. "वापरलेला आहे, पण चांगला आहे, पंधरा हजारांत बसवून देतो, बिल मिळणार नाही." ताईंनी मला विचारलं, काय करू? मी सांगितलं, ताई, तो तुमच्यासारख्याच कुणाच्या तरी गाडीखालचा असणार, कदाचित तुमचाच असेल. त्या थांबल्या, नवा बसवला, आठ दिवसांची कमाई गेली ती गेली. सगळेच असे थांबू शकत नाहीत. ज्याची चूल रोजच्या फेऱ्यांवर पेटते तो पंधरा हजारांचा घेतो आणि त्याला मी एका शब्दाने दोष देणार नाही. पण हिशोब बघा. एकाची चोरी झाली की दुसऱ्या चोरीच्या मालाला गिऱ्हाईक तयार होतं. चोराला बाजार शोधावा लागत नाही, तो चोरीबरोबरच तयार होत जातो.

हेच कमीजास्त प्रमाणात सगळ्या भागांचं आहे. मोठ्या गाड्यांचे बटणावर मिटणारे आरसे जातात. शोरूममध्ये नवा आरसा दहा-बारा हजारांचा पडला की चांगल्या घरचे, चांगल्या नोकरीतले लोक मला म्हणतात, "मिस्त्री, जुना कुठे मिळतो का बघा ना." जुना म्हणजे कुणाचा, हा प्रश्न ते विचारत नाहीत. टेम्पोच्या खाली साखळीला टांगलेली स्टेपनी जाते. रिक्षाची आणि छोट्या टेम्पोची बॅटरी जाते. डंपर आणि ट्रकचे ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकाचा डबा, खोलून नेतात आणि लाखो रुपयांची गाडी दगडासारखी जागेवर उभी राहते. ईसीएम घेणारा तर हमखास या धंद्यातला माणूसच असतो. तो डबा घरी ठेवून दुसऱ्या कुणाला काही उपयोग नाही.

आता पोलिसांबद्दल. एक रिक्षावाले मामा आहेत, साठीच्या पुढचे. त्यांची बॅटरी गेली. नवी साडेतीन-चार हजारांची. चौकीत सांगण्यात आलं, ऑनलाइन गहाळ झाल्याची नोंद करा. खाली पट्टीने आवळून बसवलेली, दोन नट खोलून नेलेली बॅटरी गहाळ कशी होईल? मामांनी जरा जोर धरल्यावर अदखलपात्र, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत अशी, नोंद करून कागद हातात दिला. कोणत्या चौकीत झालं ते मी इथे लिहीत नाही, कारण तिथल्या एका हवालदाराला दोष देऊन काही साधणार नाही. त्यांनी कायद्याचाच आधार दाखवला.

माझ्या गिऱ्हाईकांत एक वकील आहेत. त्यांच्याकडे बसून मी ते कलम समजून घेतलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये चोरीची शिक्षा आहे. त्यात एक नवी तरतूद आली: चोरीच्या मालाची किंमत पाच हजारांपेक्षा कमी असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा किंमत परत केली असेल, तर त्याला सामाजिक सेवेची शिक्षा. हा प्रकार अदखलपात्र धरला आहे. भुकेपोटी पहिल्यांदा हात टाकणाऱ्या पोराला तुरुंगात न घालता काम करायला लावणं मला मनापासून पटतं. पण बॅटरी गेली त्या सकाळी चोर कोण हे कुणालाच माहीत नसतं. त्याची पहिली वेळ आहे की पन्नासावी, तो माल परत देणार की नाही, हे सगळं चोर सापडल्यावर कळणार. ती सवलत तक्रारीच्या दारातच लावून मोकळं झालं, तर तपासच होत नाही आणि पन्नासाव्या वेळचा चोरही कायम पहिल्या वेळचाच राहतो.

आणि त्याच संहितेत कलम ३०५ आहे. प्रवासी किंवा माल वाहून नेण्यासाठी वापरलेल्या वाहनातून कोणतीही वस्तू चोरली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा. तिथे पाच हजारांची अट नाही. रिक्षा हे प्रवासी वाहनच आहे, टेम्पो माल वाहतो, शाळेची व्हॅन मुलं नेते. बोल्टने बसवलेला भाग त्या कलमात बसतो की नाही यावर वकील वाद घालतील, घालू देत, तो वाद न्यायालयात व्हावा. माझं म्हणणं इतकंच आहे, की व्यवसायाच्या गाडीवरून भाग गेला तर ठाण्यातल्या अधिकाऱ्याने हे कलम निदान उघडून बघावं. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली तर गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा निकाल नोव्हेंबर २०१३ मध्येच झाला आहे. ठाण्यात दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयात लेखी पाठवता येतं, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. हे रिक्षावाल्याला कोण सांगणार? आपल्या दैनिकाने सांगावं.

गहाळ या नोंदीने विम्याचंही नुकसान होतं. विमा कंपनी चोरीचा दावा मंजूर करताना पोलिसांत दिलेल्या तक्रारीचा कागद बघते. तसेही विम्याचे पैसे लोक समजतात तेवढे मिळत नाहीत. बॅटरी, टायर, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर नेहमीच्या पॉलिसीत निम्मा घसारा कापतात. दावा केला की नो क्लेम बोनस जातो. कारमध्ये बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टीम वगैरे आधी नोंदवून जादा हप्ता भरला नसेल तर तिचे पैसे मिळत नाहीत, आणि दुचाकीचे नुसते जोडभाग गेले, गाडी जागेवर राहिली, तर नेहमीच्या पॉलिसीत ते धरतच नाहीत. म्हणून निम्मे लोक दावाच करत नाहीत, दावा नाही म्हणून तक्रार करत नाहीत, आणि तक्रार नाही म्हणून चोरी कागदावर येत नाही.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवून घ्यायला लावली. दुचाकीला ४५० रुपये आणि चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. लोकांनी रांगा लावल्या, तारखा मिळवल्या, पैसे भरले. त्या पाटीवर लेसरने कोरलेला कायमचा क्रमांक आहे, क्रोमियमचा होलोग्राम आहे, आणि एकदा बसवली की न मोडता निघत नाही असं कुलूप आहे. ही काळजी योग्यच आहे. पण पाचशे-सातशे रुपयांच्या पाटीला जी ओळख दिली, ती चाळीस-पन्नास हजारांच्या कन्व्हर्टरला का नाही? आरशाच्या काचेला का नाही? चासीवर आणि इंजिनवर क्रमांक असतो म्हणून अख्खी गाडी चोरणाऱ्याला ती विकताना भीती वाटते. भाग चोरणाऱ्याला भीती वाटायचं काही कारणच आपण ठेवलेलं नाही.

हा विचार सरकारला सुचला नव्हता असंही नाही. जुलै २०१९ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढला होता. गाडीवर आणि तिच्या सुट्या भागांवर डोळ्यांना जवळजवळ न दिसणारे सूक्ष्म ठिपके फवारायचे, ते अतिनील दिव्याखाली उमटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांवरचा क्रमांक वाचता येतो. त्यासाठी एआयएस १५५ हे मानकही ठरलं. पण हे ठिपके बसवायचेच, अशी सक्ती कंपन्यांवर झाली नाही. ती करावी. सगळ्या भागांना जमत नसेल तर कन्व्हर्टर, ईसीएम आणि आरसे या तीन वस्तूंपासून सुरुवात करावी. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च नगण्य आहे.

क्रमांक नुसता असून भागणार नाही, तो कुणीतरी बघायला हवा. घर भाड्याने दिलं तर भाडेकरूची माहिती आपण पोलिसांना देतो. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी मोडीत काढायची तर २०२१ च्या नियमांप्रमाणे ती चोरीची नाही ना हे राष्ट्रीय गुन्हे नोंदींशी ताडून बघावं लागतं. अख्ख्या गाडीला एवढी चौकशी, आणि तिचाच सायलेन्सर सुटा करून गोणीत घातला की चौकशी नाही. माझ्या गॅरेजमध्ये अशी गोणी आली आहे. विशी-बाविशीतलं पोर होतं, दुपारची वेळ, गोणीत ईकोचा सायलेन्सर, म्हणाला आठ हजार द्या. मी बिल विचारलं, गाडीचा नंबर विचारला, तर काही न बोलता गोणी उचलून निघून गेलं. मी पोलिसांना फोन केला. ते येईपर्यंत अर्थातच ते पोर दूर गेलं होतं. त्याने ती गोणी नदीत टाकली नसणार. पुढच्या कुठल्या तरी दारात ती घेतली गेलीच असणार.

ते दार माझ्याच धंद्यातल्या कुणाचं तरी किंवा शेजारच्या भंगारवाल्याचं असतं, हे मी इथे स्पष्ट लिहितो. माझे व्यवसायबंधू माझ्यावर रागावतील. पण चाळीस हजारांची वस्तू आठ हजारांत, बिलाशिवाय, गोणीत घालून येते तेव्हा ती कुठून आली हे आपल्याला कळत नाही असं आपण म्हणू शकत नाही. कायदाही तसं म्हणू देत नाही. न्याय संहितेच्या कलम ३१७ प्रमाणे माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असूनही घेतला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि चोरीच्या मालाचा नेहमीचाच धंदा करणाऱ्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नेहमी घेणाऱ्याकडे कायदा चोरापेक्षाही कडक नजरेने बघतो. बातमीतल्या फोटोत मात्र घेणारा क्वचित दिसतो.

घेणाऱ्यावर हात टाकला तर फरक पडतो याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. मेरठचा सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या कापून भाग विकण्यासाठी देशभर बदनाम होता. तिथल्या पोलिसांनी भुरट्या चोरांच्या मागे न लागता मोठ्या व्यापाऱ्यांच्या मालमत्ता जप्त केल्या आणि डिसेंबर २०२१ मध्ये तो बाजार बंद झाला. सरसकट बाजारच बंद करावा असं मला मुळीच वाटत नाही. जुन्या भागांचा प्रामाणिक धंदा गरिबाला लागतो. पुण्याच्या जुन्या बाजारातून वडिलांनी कितीतरी वस्तू आणल्या, त्यातल्या काही आजही माझ्या भिंतीला लटकलेल्या आहेत. अपघातात गेलेल्या गाडीचा चांगला दरवाजा, चांगली काच दुसऱ्या गाडीला लागली तर त्यात सगळ्यांचंच भलं आहे. जुना माल कुणाकडून घेतला याची वही ठेवायला लावली, तर त्या प्रामाणिक विक्रेत्यालाच तिचा सर्वात जास्त फायदा होईल, कारण आज तो चोरीच्या मालाच्या भावाशी स्पर्धा करतो आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ च्या कायद्याने भंगार धातू रोखीने घ्यायला बंदी आहे. पैसे खात्यातूनच द्यायचे आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता तपासून नोंदवायचा. तरीही तिथे कन्व्हर्टर चोरीला जातातच, म्हणजे एवढ्याने सगळं संपतं असं नाही. पण पोलिसांना पकडायला एक दोरी मिळते. आपल्याकडे आता भाजीवाल्याकडेही क्यूआर कोड असतो. पाचशेच्या वरचा जुना भाग घेताना पैसे खात्यातून द्यायचे, विकणाऱ्याच्या ओळखपत्राचा फोटो, गाडीचा नंबर आणि भागाचा फोटो ठेवायचा, यात अवघड काही नाही. पोलीस आयुक्तांनी तसा आदेश काढावा आणि महिन्यातून एकदा कुणीतरी खरोखर येऊन ती वही बघावी. मी माझ्या गॅरेजमध्ये अशी वही ठेवतो. कुणी सांगितलं म्हणून नाही. उद्या माझ्या दारात गोणी घेऊन येणाऱ्याला ती टेबलावर दिसावी म्हणून.

तोवर गाडीमालकांनी काय करावं, तेही लिहितो, कारण लोक मला रोज तेच विचारतात. ईकोला खालून लोखंडी जाळी किंवा पट्ट्यांचा गार्ड बसवून मिळतो. बसवताना कन्व्हर्टर आणि जाळी यांच्यात मोकळी जागा राहायला हवी, कारण चालू गाडीत तो काही शे अंश तापतो. पत्रा त्याला चिकटवून बसवणारे कारागीर मी पाहिले आहेत, त्यांच्याकडून करून घेऊ नका. नटांवर वेल्डिंगचे टिपके मारून घेतले तर पान्याने खुलत नाहीत, ग्राइंडर लावावा लागतो आणि ग्राइंडरचा आवाज होतो. वेल्डिंग करण्याआधी बॅटरीच्या वायरी काढल्या आहेत ना हे स्वतः बघा, नाहीतर सायलेन्सर वाचेल आणि ईसीएम जळेल. पुढे खरंच दुरुस्तीची वेळ आली तर ते टिपके घासून काढावे लागतात, थोडी जास्त मजुरी पडते, तेवढं धरून चाला.

त्याहून स्वस्त आणि माझ्या मते जास्त उपयोगाचं काम म्हणजे गाडीचा नंबर कोरून घेणं. हातातल्या छोट्या एन्ग्रेव्हिंग मशीनने सायलेन्सरच्या पत्र्यावर, आरशाच्या काचेच्या कोपऱ्यात, स्टेपनीच्या रिमवर आणि ईसीएमच्या डब्यावर नंबर कोरता येतो. बॅटरीवर मात्र मशीन चालवू नका, तिच्यावर पक्क्या मार्करने लिहा आणि तिचा अनुक्रमांक बिलावर आहे ना बघा. कोरल्यावर फोटो काढून ठेवा. चोर कन्व्हर्टर फोडेल तेव्हा नंबर जाईल हे खरं. पण आरसा, रिम आणि ईसीएम फोडून विकता येत नाहीत, आणि पकडलेल्या मालात आपली वस्तू ओळखता येत नाही म्हणून ती मुद्देमालाच्या खोलीत पडून राहते, हा प्रकार तरी थांबेल. रिक्षाच्या बॅटरीला कुलपाची चौकट कोणताही फॅब्रिकेटर करून देतो. अलॉय चाकांना प्रत्येकी एक लॉक नट लावा आणि त्याची चावी गाडीतच ठेवू नका. रात्री गाडीखाली कुणी आडवा पडलेला दिसला तर मिस्त्री असेल असं समजून पुढे जाऊ नका. रात्री दोन वाजता कोणताही मिस्त्री रस्त्यावर सायलेन्सर खोलत नाही. ११२ लावा.

रविवारी सकाळी माझ्या गॅरेजमध्ये रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या गाड्यांवर नंबर कोरून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. इतर गॅरेजवाल्यांनीही हे करावं, मशीनची किंमत फार नाही. सोसायट्यांनी त्यांच्यातच राहणाऱ्यांच्या पिवळ्या पाटीच्या गाड्या रात्रीपुरत्या तरी आत घ्याव्यात.

आणि आपल्या वार्ताहरांना माझी एक विनंती आहे. यापुढे अशी टोळी पकडली गेली आणि पत्रकार परिषद झाली, की अधिकाऱ्यांना तीन गोष्टी विचाराव्यात: हा माल कुणाला विकला जात होता, त्या घेणाऱ्यावर कलम ३१७ लावलं का, आणि जप्त केलेल्या वस्तूंपैकी किती मूळ मालकांना परत मिळाल्या. जी उत्तरं मिळतील ती छापावीत. उत्तर मिळालं नाही तर तेही छापावं.

आपला वाचक,
एक गॅरेजचालक, भोसरी